उसातली पिल्लं, परळातलं पाणी

जानेवारीत आमच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात ऊसतोड अगदी जोरात असते, रस्त्याला बघावं तिकडं बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. गेल्या हंगामात आमच्या वस्तीजवळच्या फडात तोड चालू होती आणि माझी भाची, सहावीत आहे ती, म्हशीसाठी वाढं (उसाचे हिरवे शेंडे) आणायला गेली होती, ती पाचच मिनिटांत धापा टाकत परत आली. "मावशी, बिबट्याची पिल्लं सापडलीत!"

जाऊन बघितलं तर सरीत पाचटावर, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यावर, तीन पिल्लं, मुठीएवढी, डोळे नुकतेच उघडलेले, पिवळट अंगावर काळपट पट्टे. कोयते थांबले होते, गर्दी जमली होती आणि एकानं व्हिडिओसाठी एक पिल्लू उचललंसुद्धा होतं. भाचीच पुढं झाली, "काका, ठेवा ते खाली, त्यांची आई रात्री येणार हाय." शाळेत वनरक्षक आले होते त्यांनी सांगितलं होतं म्हणे, आणि हिनं ते बरोबर लक्षात ठेवलं होतं.

मग १९२६ ला फोन लावला (वनविभागाची हेल्पलाईन आहे, हा नंबर मुलांना पाठ पाहिजे). माणसं आली, बघितलं आणि म्हणाली हा बिबट्या नाही, रानमांजर आहे. यात हसण्यासारखं काही नाही, कारण भल्याभल्यांची यात गफलत होते. रानमांजराच्या पिल्लांना लहानपणी पट्टे-ठिपके असतात, मोठेपणी ते पुसट होतात, आणि बिबट्याचं पिल्लू त्याच वयात जास्त थोराड दिसतं, अंगावर गुच्छागुच्छानं ठिपके. पण पोरांना हा फरक कळला नाही तरी बिघडत नाही, कारण दोन्हीकडं करायचं एकच असतं, लांब व्हायचं, हात लावायचा नाही आणि मोठ्या माणसाला सांगायचं. बिबट्याची आई शेजारच्या सरीतसुद्धा असू शकते, त्यामुळं जवळ जाऊन बघायचा मोह पोरांनी अजिबात करायचा नाही.

ही पिल्लं टाकून दिलेली नसतात हे नीट समजून घ्या. मांजर असो नाहीतर बिबट्या, आई दिवसभर पिल्लांना चिकटून बसत नाही, ती शिकारीला जाते, माणसांचा आवाज असला की लांबच थांबते, आणि अंधार पडला, सगळं शांत झालं की येते. उंच, दाट, पाणी पाजलेला ऊस म्हणजे तिला जंगलच वाटतं, तिथं उंदीर, घुशी, डुकरं आहेत, लपायला जागा आहे, आणि तोड कधी येणार हे तिला कुठलं माहीत! म्हणून वनविभागाची माणसं सापडलेली पिल्लं संध्याकाळी एका क्रेटमध्ये घालून जिथं सापडली त्याच जागी ठेवतात, आई येते, एकेक पिल्लू मानेला धरून नेते. आमच्या इथं तेच झालं, सकाळी क्रेट रिकामा होता. तीच पिल्लं कुणी घरी नेऊन गाईचं दूध पाजलं असतं तर बहुतेक मेली असती, आणि जगली असती तरी त्यांना शिकार शिकवणार कोण?

पक्ष्यांचंही असंच आहे. मे-जूनमध्ये बुलबुलाचं नाहीतर साळुंकीचं पिल्लू खाली पडलेलं दिसतं आणि मुलं कळवळून ते खोक्यात घालून आणतात. अंगावर पिसं आलेली असतील, उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय, आईबाप आसपासच असतात आणि जमिनीवर येऊन भरवतात. मांजर-कुत्र्याची भीती असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवायचं, बास. माणसाचा वास लागला की आई पिल्लाला टाकते असं आपल्याकडं सर्रास सांगतात, ते खरं नाही.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की प्रत्येक प्राण्याचं एक वेळापत्रक असतं, ते माहीत नसताना केलेली मदत अंगलट येते, त्यांच्या आणि कधीकधी आपल्याही. एप्रिलमध्ये सांगलीत ऊन चाळीसच्या घरात जातं आणि घरोघरी पक्ष्यांना पाणी ठेवलं जातं, चांगली गोष्ट आहे. आमच्याकडंही गच्चीवर मातीचं परळ ठेवलंय. दहा-बारा दिवसांनी भाची म्हणाली पाण्यात काहीतरी वळवळतंय. बघितलं तर डासाच्या अळ्या! रोज वरून पाणी घालत होतो, पण घासत नव्हतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो ती पाण्याच्या कडेला, भांड्याच्या ओलसर भिंतीवर, आणि ती तिथं घट्ट चिकटतात. परळ नुसतं उपडं केलं तर पाणी जातं, अंडी राहतात, कोरडी राहून कित्येक महिने तग धरतात आणि परत पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उन्हाळ्यात साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणजे दर तीन-चार दिवसांनी नारळाच्या शेंडीनं आतली कड खसाखसा घासली की डासाचं गणित चुकलंच. आता हे काम भाचीचं, बुधवार आणि रविवार तिनं ठरवलेत. परळ सावलीत, पाणी दोन बोटं, आणि मधे एक दगड, कारण मधमाश्या पाण्यावर येतात आणि टेकायला काही नसलं तर बुडतात.

झाडांबद्दल थोडं सविस्तर बोलायचंय. पाच जूनला शाळाशाळांत झाडं लावतात, फोटो निघतात, आणि त्यात बऱ्याचदा गुलमोहर असतो, जो मूळचा मादागास्करचा. दिसायला सुंदर आहे, माझं काही वैर नाही. पण आपल्या जिल्ह्यात कृष्णाकाठी औदुंबर नावाचं गावच आहे, तिथं आपण नमस्कार करतो ते झाड मुलांनी एकदा शास्त्र म्हणून बघायला पाहिजे. उंबर फोडलं की आत किडे दिसतात आणि आपण ई करून फेकून देतो. खरं तर उंबर म्हणजे आतल्या बाजूला फुललेली शेकडो बारीक फुलं. एक इवलीशी माशी, गांधीलमाशीच्या लांबच्या नात्यातली, टोकाच्या बारीक भोकातून आत शिरते, शिरताना बहुतेक वेळा तिचे पंखच तुटतात, ती काही फुलांत अंडी घालते, सोबत आणलेले परागकण फुलांना लावते आणि तिथंच मरते. तिच्या पोरी मोठ्या झाल्या की परागकण घेऊन बाहेर पडतात, आणि त्यांच्याकडं जेमतेम एक-दोन दिवस असतात, तेवढ्यात त्यांना योग्य वेळेला आलेलं दुसरं उंबर गाठायचं असतं. म्हणून पंचक्रोशीत एकच उंबर असून भागत नाही, बरीच पाहिजेत, मागंपुढं फळणारी. आणि ती अशी मागंपुढं फळतात म्हणूनच भर उन्हाळ्यात, बाकी रानात खायला काही नसतं तेव्हा, कोकिळा, तांबट, वटवाघळं, उदमांजर सगळे उंबरावर जेवतात.

रोप विकत आणायची गरजच नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेलं बी जुन्या भिंतीच्या फटीत, गटाराच्या कडेला उगवलेलंच असतं. पहिले दोन पाऊस झाले की ते मुळासकट अलगद काढायचं आणि ओढ्याच्या काठाला लावायचं, उंबराला पाणी आवडतं. आम्ही मागच्या वर्षी चार काढली, तुटक्या मुळांची दोन गेली, दोन जगली.

शेतकऱ्याच्या घरात पोरांचं ऐकतात हाही माझा अनुभव आहे. उसाचं पाचट चारी बाजूंनी पेटवलं तर आतल्या सश्याला, सापाला, टिटवीच्या अंड्यांना सुटकाच नाही. न पेटवता सरीत पसरलं तर जमिनीतली ओल टिकते आणि कुजून खतही होतं. हे आमच्या भावजींना मी तीन वर्षं सांगत होते, पोरीनं एकदा रडून सांगितलं, झालं.

आणि शेवटचं काम वहीचं. सीझनवॉच नावाचा देशभरातला उपक्रम आहे, त्यात एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याला पानं, फुलं, फळं किती आहेत ते नोंदवायचं, केरळातल्या शाळांच्या मुलांनी यात ढिगानं नोंदी दिल्यात. हवामान बदलतंय तसं झाडांचं वेळापत्रक सरकतंय का हे अशा वर्षानुवर्षांच्या नोंदींतूनच कळतं, ते एकट्यादुकट्या शास्त्रज्ञाच्या आवाक्यातलं नाही. आमच्या वहीत पाच पानं भरलीत. ओढ्याजवळच्या जुन्या उंबराला आत्ता खोडावर हिरवी बारीक फळं आहेत, त्याखाली भाचीनं लिहिलंय, 'तांबट आला, खाल्लं नाही, गेला.' पिकली की तो परत येतो का ते बघायला ती आता रोज दप्तर ठेवलं की तिकडंच पळते.