पोस्ट, पोलीस ठाणं आणि आपली बाजू

ठाणे शहरात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राजकारणावरून जुंपली, की थोड्याच वेळात कुणीतरी लिहितंच, ‘स्क्रीनशॉट काढलाय, पोलिसांत देतो.’ ही धमकी अशीच तोंडात आलेली नाही. तिच्यामागे आपल्याच जिल्ह्यात घडलेल्या गोष्टी आहेत.

१८ नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे आदल्या दिवशी गेले होते, शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार होते, मुंबई बंद होती. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथल्या २१ वर्षांच्या मुलीने फेसबुकवर लिहिलं, की माणसं रोज मरतात, मुंबई बंद आहे ती आदरापोटी नव्हे, भीतीपोटी. तिच्या मैत्रिणीने पोस्ट लाइक केली. एवढ्यावर जमावाने पोस्ट लिहिणाऱ्या मुलीच्या काकांचा दवाखाना फोडला आणि दोघींना अटक झाली. लाइक करणारीलाही! पुढे ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक निलंबित झाले, पण दहशत बसायची ती बसलीच.

अटकेत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ लावलं होतं. २००८ च्या दुरुस्तीने आलेलं हे कलम ‘अत्यंत आक्षेपार्ह’ किंवा त्रास देणाऱ्या मजकुरासाठी तीन वर्षांपर्यंत कैद सांगायचं. आक्षेपार्ह कशाला म्हणायचं, याची व्याख्याच नव्हती. ज्याला लागलं, तो फिर्यादी.

पालघरच्या अटकेनंतर श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी ६६ अ रद्द केलं. या निकालातली एक मांडणी मला फार मोलाची वाटते. चर्चा वेगळी, एखाद्या मताचा पुरस्कार वेगळा आणि चिथावणी वेगळी. पहिल्या दोन कितीही बोचल्या तरी त्यांना संरक्षण आहे. बोलणं चिथावणीपर्यंत गेलं, तरच बंधनाचा प्रश्न येतो. आपल्या भांडणांत नेमका हाच फरक कुणी करत नाही.

२०२२ च्या मे महिन्यात पक्ष बदलले, रीत तीच राहिली. शरद पवारांवरची पोस्ट शेअर केली म्हणून ठाणे पोलिसांनी एका मराठी अभिनेत्रीला अटक केली. कळंबोली पोलीस ठाण्याबाहेर तिच्यावर शाई फेकली गेली. महिन्याहून जास्त काळ ती कोठडीत होती. ६६ अ तर केव्हाच गेलं होतं. पण तेढ आणि अफवा पसरवण्याबद्दलची भारतीय दंड संहितेची १५३ अ, ५०५ ही कलमं होतीच. त्याच आठवड्यात, ११ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाचं १२४ अ स्थगित केलं होतं. टिळकांना १९०८ मध्ये याच कलमाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी मंडालेला भोगली, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं.

माझ्या ओळखीत पालघरच्या मुलींसाठी तावातावाने बोललेली माणसं आहेत. २०२२ मध्ये त्यांतले काही म्हणाले, ‘पण हिने जरा जास्तच केलं.’ आणि २०१२ मध्ये ‘बरं झालं’ म्हणणारे दहा वर्षांनी संविधानाचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारं कलम १९ सांगत होते. दुखावलेल्या माणसाचा राग मला समजतो. पण कुणाची पोस्ट आहे ते पाहून स्वातंत्र्याची बाजू घ्यायची, तर उद्या आपल्या पोस्टसाठी कोण उभं राहणार?

दुसऱ्याच्या पोस्टसाठी केवळ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं. तरी निवडणूक लागली, की आमचा अ‍ॅडमिन ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज करू शकतील’ अशी सेटिंग लावतो. मग पाण्याच्या टँकरची तक्रारसुद्धा ग्रुपवर टाकता येत नाही.