‘ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही’: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

सोलापुरात ख्रिस्ती वस्ती लहान, आणि तीही एका पंथाची नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभी राहिलेली प्रॉटेस्टंट मंडळी इथली जुनी. आम्ही कॅथलिक पुणे धर्मप्रांतात मोडतो. सोयरिकी दोन्हीकडे, आणि शेजार लिंगायत, पद्मशाली, मुसलमान असा. त्यामुळे ‘ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही’, म्हणजे चर्चच्या बाहेर कुणाचा उद्धार नाही, हे वाक्य ऐकलं की इथे लगेच ओळखीचे चेहरे समोर येतात. ते कुठून आलं, हे म्हणूनच नीट माहीत असायला हवं.

तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी ते लिहिलं, तेव्हा रोख परधर्मीयांवर नव्हताच. फुटून निघालेल्या गटांनी दिलेला बाप्तिस्मा (पाण्यानं दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा) खरा मानायचा का, असा तो घरातला वाद होता. पुढे धार कडक होत गेली. १२१५ ची बिशपांची चौथी लॅटरन परिषद, १३०२ मधलं पोप आठव्या बोनिफेस यांचं फर्मान, आणि १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत तर मूर्तिपूजक, यहुदी, पाखंडी आणि फुटीर अशा सगळ्यांची नावं घेऊन दार लावलं गेलं. शुभवर्तमान, म्हणजे येशूचा संदेश, बहुतेक जगाच्या कानावर गेलंय, असं तेव्हाचा युरोप धरून चालला होता. पन्नास वर्षांत कोलंबस अमेरिकेला पोचला आणि हे गृहीतक कोसळलं.

ज्यांच्या दर्शनाला आपल्याकडचे भाविक जुन्या गोव्याला जातात, ते संत फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला पोचले. तिथल्या नवख्रिस्ती लोकांनी विचारलं, आमच्या मेलेल्या आईबापांचं काय? प्रार्थनेनं, दानधर्मानं त्यांची सुटका होईल का? झेवियर यांचं उत्तर ‘नाही’ असं होतं. लोक रडत राहिले आणि ते पाहून आपल्यालाही वाईट वाटतं, असं त्यांनी १५५२ च्या पत्रात लिहिलंय. पितृपक्ष पाळणाऱ्या शेजारात वाढलेल्या माणसाला ते रडणं समजावून सांगावं लागत नाही. मला तर या साऱ्या इतिहासात सिद्धान्तांपेक्षा हा प्रश्नच मोठा वाटतो.

उत्तराची बीजं परंपरेतच होती. बाप्तिस्म्याची नुसती मनापासूनची इच्छाही पुरते, हे ट्रेंटच्या परिषदेनं १५४७ मध्ये मान्य केलं होतं. १८६३ मध्ये पोप नववे पायस यांनी, ज्यांना स्वतःच्या दोषाविना सत्य कळलंच नाही त्यांना देव शिक्षा देत नाही, असं लिहिलं; जुनं वाक्यही त्याच पत्रात कायम ठेवलं. बॉस्टनचे फादर लिओनर्ड फीनी मात्र त्या वाक्याचा अक्षरशः अर्थ लावत राहिले. १९४९ मध्ये रोमनं, म्हणजे पोपच्या कारभारानं, तो अर्थ नाकारला, १९५३ मध्ये आज्ञाभंगाबद्दल त्यांना बहिष्कृत केलं; १९७२ मध्ये समेट झाला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये स्पष्ट केलं: ख्रिस्तसभा आवश्यक आहे हे जाणूनही जो ती नाकारतो, त्याला तारण नाही, पण शुभवर्तमान न कळलेला, प्रामाणिक मनानं देवाला शोधणारा आणि कृपेच्या बळावर सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागणारा माणूस तारण पावू शकतो. प्रॉटेस्टंटांशी असलेलं बाप्तिस्म्याचं नातंही तिथेच मान्य झालं.

मग वाद पुढे सरकला: परधर्मीय माणूस तरतो तो त्याच्या धर्माच्या आधारानं, की त्या धर्मात असूनही? तीन दशकांहून अधिक काळ भारतात राहिलेले जेझुइट (येशूसंघी) धर्मगुरू जाक द्युपुई यांनी पहिल्या बाजूला झुकतं माप दिलं. २००० मध्ये रोमनं ख्रिस्त हाच एकमेव तारणारा असल्याचं पुन्हा ठासून सांगितलं आणि २००१ मध्ये द्युपुईंच्या लेखनातल्या संदिग्ध जागांवर जाहीरपणे बोट ठेवलं.