घरातील नकोशा वस्तूंचा ऑनलाइन लिलाव

वापरातून गेलेली, पण मोडीत घालायला मन होत नाही अशी घरातली वस्तू संकेतस्थळावर मांडायची आणि ठरलेल्या मुदतीत सर्वांत चढी बोली लावणाऱ्याला ती विकायची, या व्यवहाराला घरगुती वस्तूंचा ऑनलाइन लिलाव म्हणतात. व्यापारी लिलावापेक्षा तो एका बाबतीत अगदी वेगळा आहे. इथे विकणाऱ्याकडे बहुधा एकच नग असतो, तो त्याने विकण्यासाठी घेतलेला नसतो आणि आज त्याला काय भाव येईल याची त्याला कल्पना नसते. लिलावाची गरज पडते ती या शेवटच्या कारणामुळे. दोन वर्षे वापरलेल्या इस्त्रीचा भाव कोणालाही अंदाजाने सांगता येतो. तिच्यावर किंमत लिहून मोकळे व्हावे. माळ्यावरच्या पेटीत सापडलेला कॅमेरा, आजोबांचे फाउंटन पेन किंवा संचातून एकटी उरलेली चिनी मातीची बशी यांचा भाव मात्र कुठेच लिहिलेला नसतो. तो ठरायला ती वस्तू हवी असलेली निदान दोन माणसे लागतात. एकच असेल तर वस्तू सुरुवातीच्या बोलीलाच जाते. दोघे असतील तर भाव ठरवतो तो हरणारा.

पार्श्वभूमी : लिलाव फार जुना आहे. इ. स. १९३ मध्ये रोमच्या सम्राटाच्या अंगरक्षक दलाने साम्राज्यच लिलावात काढले होते. लंडनमधील सदबीज (१७४४) आणि ख्रिस्तीज (१७६६) ही लिलावगृहेही अडीचशे वर्षांहून जुनी आहेत. पण सभागृह, छापील यादी आणि बोली पुकारणारा माणूस यांचा खर्च एखाद्या टेबललॅम्पवर कसा निघणार? शिवाय ज्याला तो दिवा हवा आहे तो त्या दिवशी त्याच सभागृहात हजर असायला हवा. अपवाद टपाल तिकिटांचा. वस्तू पाकिटात मावणारी आणि हौशी ग्राहक गावोगाव विखुरलेले, त्यामुळे तिकिटांच्या लिलावांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पत्राने बोली पाठवण्याची पद्धत रुळली होती. इंटरनेटने हीच सोय बशीला आणि दिव्याला मिळवून दिली.

सप्टेंबर १९९५ मध्ये पिएर ओमिडियार यांनी कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ हे संकेतस्थळ सुरू केले. १९९७ मध्ये त्याचे नाव ‘ईबे’ झाले. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती या नोंदीच्या विषयाला अगदी शोभणारी आहे : ओमिडियार यांचा स्वतःचा बिघडलेला लेझर पॉइंटर. तो १४.८३ डॉलरला गेला. हा चालत नाही हे लक्षात आले आहे ना, असे त्यांनी घेणाऱ्याला विचारले, तेव्हा ‘मी बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवतो’ असे उत्तर आले. हौसेला मोल नाही म्हणतात. इथे ते सेंटपर्यंत लागले. होणाऱ्या पत्नीला पेझ गोळ्यांच्या डब्या जमवता याव्यात म्हणून हे संकेतस्थळ निघाले, ही गोष्ट मात्र प्रसिद्धीसाठी रचलेली होती. ती आजही सांगितली जाते.

१९९९ मध्ये जपानमध्ये याहूची लिलावसेवा, पोलंडमध्ये ‘अलेग्रो’ आणि न्यूझीलंडमध्ये ‘ट्रेड मी’ सुरू झाली. जपानमध्ये तर याहूपुढे टिकाव न लागल्याने ईबेने २००२ मध्ये काढता पाय घेतला. ईबेने २००० साली ‘लगेच विकत घ्या’ हा ठरावीक किमतीचा पर्याय आणला आणि पुढच्या दशकात लिलावाचा वाटा घटत गेला. आठवडाभर थांबून निकाल पाहण्यात सुरुवातीला जी गंमत होती ती ओसरली, हे एक कारण. नेहमीच्या वस्तूंचे भाव एका शोधात कळू लागले, हे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे. ‘विंटेड’ (लिथुआनिया, २००८) आणि ‘मर्कारी’ (जपान, २०१३) यांसारख्या जुन्या वस्तूंच्या सेवा ठरावीक किमतीवरच वाढल्या. लिलाव उरला तो मुख्यतः भाव न कळणाऱ्या वस्तूंसाठी, म्हणजे जिथे तो पहिल्यापासून शोभत होता तिथेच.

बोलीची रीत : सभागृहात ‘एक वार, दोन वार, तीन वार’ म्हटल्यावर हातोडा पडतो. ऑनलाइन लिलावात हातोड्याचे काम घड्याळ करते, आणि दिवसभर पडद्यासमोर बसणे कोणालाच शक्य नसल्याने बोली लावण्याचे काम यंत्रणा करते. याला प्रॉक्सी बोली म्हणतात. समजा, जुन्या कॅमेऱ्याची सुरुवातीची बोली १०० आहे आणि प्रत्येक वाढ २० ची. पहिल्या ग्राहकाने आपली कमाल ८०० नोंदवली, तरी पडद्यावर १०० च दिसतात. दुसऱ्याने ५०० नोंदवताच यंत्रणा पहिल्याच्या वतीने ५२० लावते. दुसरा चिडून ७०० वर जातो. उत्तर येते ७२०. तो नाद सोडतो. मुदत संपायला चार सेकंद उरली असताना तिसराच कोणी १,००० नोंदवतो आणि कॅमेरा ८२० ला त्याचा होतो. पहिला ग्राहक कदाचित ९५० पर्यंतही गेला असता, पण विचार करायला त्याच्या हातात चार सेकंदच होती.

जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या बोलीइतकीच किंमत द्यायची, या रचनेचे गणित विल्यम व्हिक्री यांनी १९६१ मध्ये मांडले होते. त्यांना १९९६ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याला वस्तू जेवढ्याची वाटते तेवढी बोली एकदाच लावून स्वस्थ बसावे, हा त्या गणिताचा सल्ला. माणसे तसे वागत नाहीत. शेवटच्या क्षणी झडप घालण्याचा अभ्यास आल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. ईबेवर मुदत ठरल्या क्षणी संपत असे, तर ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात दहा मिनिटे नवी बोली आली नाही तरच लिलाव बंद होई. उशिरा झडप घालण्याचे प्रमाण ईबेवर कितीतरी जास्त आढळले. विकणाऱ्याने यातून एवढेच घ्यायचे की सहा दिवस पाहणारे चाळीस आणि बोली एक, असे चित्र दिसले म्हणून हाय खाऊन लिलाव मागे घेऊ नये. त्याचबरोबर मुदत पहाटे तीनला संपेल अशी वस्तू मांडू नये. झडप घालणारेही झोपतात.

सुरुवातीची बोली : ती फार खाली ठेवली तर गर्दी होते, पण त्या वस्तूचा शौकीन एकच निघाला तर ती कवडीमोलाने जाते. वर ठेवली तर कोणी फिरकत नाही. मधला मार्ग राखीव किमतीचा : तिच्या खाली बोली थांबली तर वस्तू विकली जात नाही. ग्राहकांना ही अट आवडत नाही आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यासाठी वेगळे शुल्क पडते. मनातली किंमत बहुतेक वेळा चढीच असते, ही खरी अडचण. डॅनिएल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निम्म्या विद्यार्थ्यांना साधे मग दिले आणि विकण्याची किंमत विचारली. मग न मिळालेले विद्यार्थी जेवढे द्यायला तयार होते, त्याच्या साधारण दुप्पट मागणी आली. काही मिनिटांपूर्वी हातात आलेल्या मगाची ही कथा, मग तीस वर्षे घरात असलेल्या घड्याळाचे काय सांगावे! यावर उपाय साधा आहे. तशाच वस्तूंच्या संपलेल्या लिलावांत शेवटी किती पैसे पडले ते पाहावे. चालू लिलावांत मागितलेल्या किमती पाहून काही कळत नाही. मागायला कोणाचे काय जाते?

वर्णन आणि छायाचित्रे : जुन्या लिलावगृहांचा नियम ‘पदरी पडले पवित्र झाले’ असा होता, कारण ग्राहक वस्तू आधी हाताळून पाहू शकत असे. ऑनलाइन ग्राहकाला ती सोय नाही, म्हणून त्याची बोटे आणि डोळे होण्याचे काम वर्णनाला करावे लागते. चिनी मातीच्या बशीचे छायाचित्र वरून घेतले तर ती नुसती बशी असते. पालथी करून तळावरचा कारखान्याचा शिक्का दाखवला की तिची जात कळते. कडेवरून नख फिरवावे, अडखळले तर तिथे टवका आहे, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून त्या टवक्याचेच छायाचित्र घ्यावे. उजेड खिडकीचा असावा. फ्लॅशने ओरखडे पुसले जातात, आणि ते ग्राहकाला पार्सल उघडल्यावरच दिसतात. ‘चांगल्या स्थितीत’ या शब्दांना काडीची किंमत नाही. ‘शटर उघडते, फिल्म पुढे सरकते, भिंगाच्या कडेला बुरशीचा ठिपका आहे, प्रकाशमापक तपासलेला नाही’ हे वाचून जाणकार निश्चिंतपणे बोली लावतो. दोष सांगितल्याने भाव पडतो ही समजूत अर्धीच खरी आहे. न सांगितलेल्या दोषाची धास्ती बोलीतून आधीच वजा झालेली असते.

मथळ्यात कारखान्याचे नाव, मॉडेलचा क्रमांक आणि वस्तूचा प्रकार हवा. ‘अप्रतिम’, ‘दुर्मिळ’ हे शब्द कोणी शोधत नाही. स्पेलिंग चुकले तर वस्तू शोधात येतच नाही. २००७ मध्ये ईबेवर १८५२ सालच्या आर्क्टिक मोहिमेसाठी बनवलेल्या ‘ऑलसॉप’ बिअरची जुनी बाटली आली होती. मथळ्यात नावातला एक ‘पी’ गळाला होता आणि ती ३०४ डॉलरला गेली. घेणाऱ्याने स्पेलिंग सुधारून ती पुन्हा मांडली तेव्हा बोली ५,०३,३०० डॉलरवर पोचली. ते पैसे मात्र कधी आले नाहीत. बोली लावून गायब होणारे सगळीकडे असतात. अशा वेळी बहुतेक संकेतस्थळांवर दुसऱ्या क्रमांकाच्या ग्राहकाला त्याच्याच बोलीला वस्तू देऊ करता येते.

पार्सल : नवखा विकणारा नफा घालवतो तो इथे. कुरिअर कंपन्या वजनाबरोबर आकारमानही मोजतात. सेंटिमीटरमधील लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराला ५,००० ने भागून येणारे किलो, हे नेहमीचे सूत्र. त्यामुळे ४० × ३० × २५ सेंमीच्या खोक्यातली एक किलोची दिव्याची छत्री सहा किलोच्या दराने जाते. म्हणून वस्तू मांडण्याआधीच ती बांधून, मोजून ठेवावी. बश्या आडव्या रचू नयेत. प्रत्येकीला कागद गुंडाळून त्या उभ्या ठेवाव्यात, मध्ये पुठ्ठा, भोवती बबल रॅप, आणि ते खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात. बांधून झाल्यावर हलवून पाहावे. आतून आवाज आला तर पुन्हा उघडावे.

विश्वास : अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवायचे, या व्यवहाराला ईबेने फेब्रुवारी १९९६ मध्ये परस्परांना शेरे देण्याच्या सोयीने आधार दिला. त्याचे मोल पुढे मोजलेही गेले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जुन्या पोस्टकार्डांच्या नावाजलेल्या विक्रेत्याने सारख्याच प्रतीची कार्डे आपल्या आणि नव्या, कोऱ्या खात्यांवरून विकली. ओळखीच्या खात्याला ८.१ टक्के अधिक भाव मिळाला. शेऱ्यांतून सूड उगवला जाऊ लागल्यावर ईबेने २००८ पासून विक्रेत्यांना ग्राहकाविषयी वाईट शेरा देणे बंद केले. विक्रेत्यांना ते अजून खुपते, आणि त्यांची तक्रार अगदीच चुकीची नाही.

फसवणूक दोन्ही बाजूंनी होते. आपल्याच वस्तूवर मित्राकरवी बोली चढवणे नियमबाह्य आहे आणि अनेक देशांत गुन्हाही. ‘संकेतस्थळाबाहेर व्यवहार करू’, ‘चुकून जास्त पैसे पाठवले, वरचे परत करा’ असे म्हणणाऱ्या ग्राहकापासून दूर राहावे. पैसे आल्याचा ईमेल दाखवला म्हणजे पैसे आले असे होत नाही, खात्यात पाहावे. जुना फोन किंवा संगणक विकण्याआधी त्यातील माहिती पुसणे हे तर उघडच आहे. हस्तिदंताची मूठ असलेल्या सुरीसारख्या वस्तू वारशाने आल्या तरी विकता येतीलच असे नाही. ईबेने २००९ पासून हस्तिदंताला बंदी केली आहे.

न गेलेली वस्तू : एकही बोली आली नाही तर तीच वस्तू, त्याच छायाचित्रासह, पुन्हा मांडण्यात अर्थ नसतो. सुरुवातीची बोली उतरवावी किंवा वस्तूंचा गट करावा. एकटी बशी कोणी घेत नाही, पण त्याच कारखान्याच्या तीन सुट्या बश्या आणि एक झाकण मिळून जातात, कारण कोणाच्या तरी घरी नेमके तेच झाकण फुटलेले असते. मोठे लाकडी कपाट मात्र बोलीने क्वचितच हलते. ते शेवटी ‘स्वतः येऊन घेऊन जा’ या अटीवर फुकटात दिले जाते, आणि तेही न्यायला येणाऱ्याला जिन्याचे वळण आधी मोजून सांगावे लागते.