‘४० अंश आणि ९० टक्के आर्द्रता’ एकाच वेळी?

“पारा ४० अंशांवर, त्यात आर्द्रता ९० टक्के!” असं उन्हाळ्यात सर्रास ऐकू येतं. आकडे खरे असतात, पण वेळा वेगळ्या: ९० टक्के पहाटेचे, ४० अंश दुपारचे. हवा तापली की तिची बाष्प सामावण्याची मर्यादा वाढते, आणि आर्द्रतेचे टक्के या मर्यादेच्या तुलनेत मोजतात. पहाटे २६ अंशांना ९० टक्के असलेली आर्द्रता, बाष्प तेवढंच राहिलं तरी, ४० अंशांना साधारण ४१ टक्क्यांवर येते.

उकाडा जोखायचा तर अ‍ॅपमध्ये दवबिंदू पाहा, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचं दव होऊ लागतं ते तापमान. तो दिवसभरात फारसा हलत नाही. १५ अंशांखाली घाम पटकन वाळतो. २१ च्या पुढे चिकचिक. २४ ओलांडला की घाम ओघळत राहतो, लवकर वाळत नाही, म्हणून अंग नीट निवत नाही.

टक्के पाहून पहाटेचं चालणं दुपारवर ढकलू नका. पहाटे ऊनही नसतं.