तिवर

तिवर : (लॅ. ॲव्हिसेनिया मरीना, कुल – ॲकँथेसी). कोकणातील खाड्यांच्या काठी वाढणारे सदाहरित खारफुटीचे झाड. जमीन फार खारट असल्यास झुडूपच राहते. ठाणे खाडीत याचेच प्राबल्य आहे. पाने वरून हिरवी, खालून पांढुरकी. फुले लहान, पिवळसर नारिंगी. चिखलातून पेन्सिलीसारखी श्वसनमुळे वर येतात. जादा मीठ पानांतील ग्रंथींवाटे बाहेर पडते. बी झाडावरच रुजते, पण कांदळाप्रमाणे (ऱ्हायझोफोरा, दुसरे खारफुटीचे झाड) मोड फळाबाहेर लोंबत नाही.

प्रजातीचे नाव इब्न सिना (लॅटिनमध्ये ॲव्हिसेना) या वैद्याच्या स्मरणार्थ लिनीअसने दिले. जातीचे पहिले वर्णन फॉर्स्कोल यांच्या १७७५ मध्ये मरणोत्तर छापलेल्या ग्रंथात ‘स्यूरा मरीना’ या नावाने आहे. प्रचलित नाव फीरहापर यांचे (१९०७). कुलाविषयी मतभेद होते. जुने ग्रंथ तिवर साग कुलात (व्हर्बिनेसी) घालतात, काहींनी स्वतंत्र ॲव्हिसेनिएसी कुल मानले; डीएनएच्या तुलनेवरून वासक कुल (ॲकँथेसी) अधिक ग्राह्य दिसते. व्यवहारात याहून मोठी अडचण जातींची आहे. १९व्या शतकातील भारतीय ग्रंथांत ‘ॲव्हिसेनिया टोमेंटोसा’ किंवा ‘ऑफिसिनॅलिस’ या नावांखाली आज वेगळ्या मानलेल्या जाती एकत्र आल्या आहेत. कोकणातही उपट्या (ॲ. ऑफिसिनॅलिस) बऱ्याच ठिकाणी तिवरच समजला जातो. त्यामुळे औषधी उपयोगांच्या जुन्या नोंदी नेमक्या कोणत्या झाडाच्या, हे सावधपणेच ठरवावे लागते.

खोडाच्या आडव्या छेदात दिसणारी वलये वार्षिक नसतात. ऊतककर (कँबियम; नवे काष्ठ तयार करणारे थर) एकामागून एक नव्याने तयार होतात आणि काष्ठाच्या थरांमध्ये परिकाष्ठाचे (अन्न वाहून नेणाऱ्या ऊतकाचे) पट्टे अडकतात. म्हणून वलये मोजून वय काढता येत नाही, आणि लाकडाच्या चांगल्या फळ्याही निघत नाहीत.

लाकूड मुख्यतः जळणाचे. खारट पाला गुरे व शेळ्या खातात. कच्छमध्ये तो उंटांचा चारा आहे. टॅनीनसाठी (कातडी कमावण्याच्या द्रव्यासाठी) मात्र कांदळाची साल सरस. खाजणाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीच्या) बांधाबाहेरची तिवरे लाटांचा जोर मोडतात. तिवरांच्या चिखलात खेकडे, निवट्या (चिखलात राहणारे लहान मासे) मिळतात. सागाची पाने खाणारी अळी (हायब्लिया प्यूरा) पावसाळ्यानंतर कधीकधी तिवरांचा पाला पार फस्त करते. झाडे बहुधा पुन्हा पालवतात.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने व २०१८ च्या निकालाने राज्यातील कांदळवनांच्या (खारफुटीच्या वनांच्या) तोडीस मनाई केली. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला. २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्षाचा मान मात्र पांढऱ्या चिप्पीला (सोनेरेशिया आल्बा) मिळाला.