वारशाचा प्रथमोपचार वेगळा, वारशाचं संवर्धन वेगळं

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणला जे कोणी मदतीला गेले असतील त्यांना तो चिखल आठवत असेल, नुसती माती नव्हती ती, त्यात गटार होतं, डिझेल होतं, कुजलेल्या धान्याचा वास होता. आम्ही चौघंजण तिसऱ्या दिवशी एका छोट्या वाचनालयात पोचलो. पुस्तकं पाणी पिऊन इतकी फुगली होती की लोखंडी कपाटांचे पत्रे बाहेर आले होते, एकेक पुस्तक ओढून काढायचं म्हणजे दात उपटल्यासारखं. आम्ही ओढली. पाठीच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढली, जशी रोज काढतो तशी, आणि पुठ्ठ्याची पाठ हातात आली, पुस्तक तिथेच. दिवाळी अंकांचे गठ्ठे होते जुने, ते पंख्याखाली मांडले (वीज नव्हती, कोणीतरी जनरेटर आणला होता), दोन दिवसांनी बघतो तर चकचकीत आर्ट पेपरची पानं एकमेकांना अशी चिकटलेली की अंकाची वीट झाली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची एक जुनी वही होती, निळ्या शाईने लिहिलेली, चिखल पुसावा म्हणून मी ओल्या फडक्याने पान पुसलं आणि फडकं निळं झालं. पानावर काही उरलं नाही.

हे सगळं प्रेमानेच केलेलं होतं. पण पाण्याने जे सोडलं होतं ते आमच्या हातून गेलं, आणि का गेलं हे मला नंतर दोन-तीन वर्षं वाचून, विचारून कळलं. आम्ही दोन वेगळी कामं एकच समजत होतो. एक काम वारशाला प्रथमोपचार देण्याचं आणि दुसरं काम वारशाच्या संवर्धनाचं, म्हणजे कॉन्झर्व्हेशनचं. दोन्हीत वस्तू वाचवायचीच असते, दोन्हीत हातात ग्लोव्हज आणि ब्रश असतात, बातम्यांमध्ये दोन्हीला 'जतन' हा एकच शब्द वापरतात, म्हणून गोंधळ होतो. पण दोघांची ट्रेनिंगं वेगळी, वेळ वेगळा, आणि मुख्य म्हणजे थांबायचं कुठे ते ठिकाण वेगळं.

प्रथमोपचार म्हणजे नुकसान आहे तिथे रोखणं, दुरुस्त करणं नाही. अपघातात हात मोडला तर आपण फळी बांधतो, हाड बसवायला जात नाही, तसंच. भिजलेलं पुस्तक उघडायचं नाही, पानं सोडवायची नाहीत, घासायचं नाही. खालून आधार देऊन उचलायचं, कपाट गच्च असेल तर आधी बाजूची फळी सैल करायची, चिठ्ठी लावायची की हे कुठल्या कपाटातलं, कितव्या फळीवरचं, फोटो काढायचा आणि बुरशी धरायच्या आत काहीतरी निर्णय घ्यायचा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत बुरशीला साधारण ४८ तास पुरतात, म्हणजे आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो तेव्हाच उशीर झालेला होता. थोडी पुस्तकं असतील तर सावलीत वाऱ्यावर, पानांत मधे मधे कोरा टिपकागद घालून, आणि तो कागद बदलत राहायचा. जास्त असतील तर गोठवायची! मला हे पहिल्यांदा ऐकून खरं वाटलं नव्हतं. पण जगभर हेच करतात, उणे १८-२० अंशाला ठेवलं की बुरशी थांबते, शाई पसरायची थांबते, आर्ट पेपर चिकटायचा थांबतो, आणि मग तज्ज्ञाला महिने मिळतात, वर्षं मिळतात. फक्त काचेच्या फोटो-निगेटिव्ह आणि रंगवलेली चित्रं त्यात घालायची नाहीत.

आता संवर्धन. ते तिथून पुढे सुरू होतं. संवर्धक विचारतो की हा कागद कशाचा, शाई कुठली, मधे कोणी सेलोटेप लावलाय का, आम्ल किती आहे. जुन्या पोथ्यांची काजळीची शाई फिकी होत नाही पण ती डिंकात कालवलेली असते, ओली झाली की डिंक सुटतो आणि अक्षर बोटाला येतं, आणि गेल्या शतकातली निळी-जांभळी शाई तर पाण्यात विरघळूनच जाते, म्हणजे एकाच दप्तरातल्या दोन कागदांना दोन वेगळे उपचार. हे कळायला वर्षं लागतात. लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा आहे १९७६ पासूनची, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, दिल्लीकडे या विषयात दोन वर्षांचं एमए करता येतं. रसायनशास्त्र, सूक्ष्मदर्शक, हाताची सवय असं सगळं त्यात येतं. दोन आठवड्यांत कोणी संवर्धक होत नाही, आणि होऊही नये.

दोन्ही कामं एकाच वस्तूवर कशी झाली ते बघायचं तर इटलीतलं फ्लॉरेन्स. ४ नोव्हेंबर १९६६ ला तिथे आर्नो नदीचा पूर आला, राष्ट्रीय ग्रंथालयाची दहा लाखांहून जास्त पुस्तकं-कागद खराब झाले, जगभरातून पोरं गेली चिखल उपसायला, लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणायला लागले. भिजलेली पुस्तकं तंबाखू वाळवायच्या भट्ट्यांमधेसुद्धा नेऊन सुकवली. त्याच शहरात वासारी या जुन्या इटालियन चित्रकाराचं 'शेवटचं भोजन' नावाचं लाकडी फळ्यांवरचं मोठं चित्र बारा तासांवर पाण्यात होतं. रंग सुटून पडायला लागला होता तेव्हा त्यावर पातळ कागद चिकटवला, रंग जागेवर धरून ठेवण्यापुरता, बस. एवढाच प्रथमोपचार. आणि ते चित्र पुन्हा लोकांसमोर आलं ४ नोव्हेंबर २०१६ ला, बरोबर पन्नास वर्षांनी. मधली पन्नास वर्षं ज्ञान वाढायची वाट बघावी लागली, पण तो कागद त्या वेळी कोणी लावला नसता तर वाट बघायला काही उरलंच नसतं. मला हे उदाहरण फार आवडतं.

आपल्या कोकणात हा घोटाळा पुस्तकांपेक्षा बांधकामात जास्त होतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरुडच्या बाजूने आत आलं तेव्हा कौलं उडाली, माडाची झाडं छपरांवर पडली. अशा वेळी पडक्या भिंतीला लाकडी टेकू, वाळूच्या गोणी, उघड्या छपरावर ताडपत्री, हा प्रथमोपचार, उद्या काढून टाकता येईल असा. पण होतं काय, घाई असते, पाऊस तोंडावर, गवंडी हाताशी असतो आणि सिमेंटची गोणीही, मग जांभ्या दगडाच्या, चुन्यातल्या भिंतीला सिमेंटने लिंपून टाकतात आणि म्हणतात तात्पुरतं केलंय. ते तात्पुरतं नसतं! सिमेंट घट्ट असतं, ओल बाहेर पडू देत नाही, समुद्राकाठचा खार आतच अडकतो आणि दोन-चार पावसाळ्यांत जांभा आतून भुसभुशीत होऊन सिमेंटचा पापुद्रा तेवढा उभा राहतो. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेले, अभिमान आहेच, पण किल्ल्याइतकाच जांभा आणि चुना आपल्या देवळांत, विहिरींत, जुन्या घरांत आहे आणि तिथे पहिल्या दिवशी पोचणारा माणूस गवंडीच असतो. म्हणून माझ्या मते ट्रेनिंगला पहिलं नाव त्याचं पाहिजे.

हे ट्रेनिंग असतं कसं? रोमला इक्रोम नावाची वारसा-संवर्धनाची आंतरसरकारी संस्था आहे, ती स्थापन करायचा ठराव १९५६ ला युनेस्कोच्या दिल्लीतल्याच अधिवेशनात झाला होता. त्यांनी २०१० पासून संकटकाळात सांस्कृतिक वारशाला प्रथमोपचार हा कोर्स चालवलाय, आणि तो उभा करण्यात अपर्णा टंडन या भारतीय संवर्धकाचा मोठा वाटा आहे. तिथे म्युझियमवाले असतात, तसेच अग्निशमन दलाचे, सैन्यातले, मदतकार्यातले लोकही असतात. शिकवायची पद्धत तीन पायऱ्यांची, आधी परिस्थिती समजून घ्या, मग जागेवर जाऊन नुकसान आणि पुढचा धोका नोंदवा, मग वस्तू सुरक्षित आणि स्थिर करा. मधे मधे खोटा पूर, खोटी आग असे सराव घेतात, कारण कागदावर सगळ्यांना येतं आणि अंधारात चिखलात कोणाला काही सुचत नाही. (क्योटोच्या रित्सुमेकान विद्यापीठात २००६ पासून आपत्ती यायच्या आधी धोका कसा कमी करायचा त्याचाही कोर्स आहे, तो तिसराच विषय.)

पहिली पायरी लोकांना फालतू वाटते पण माझ्या मते सगळ्यात अवघड तीच. कोकणातल्या एखाद्या देवळात पाणी शिरलं तर बाहेरून आलेला माणूस कोरीव खांबाकडे धावेल. गावाला विचारा, गाव म्हणेल आधी देवाची रूपं (चांदीचे मुखवटे) काढा, जी शिमग्याला पालखीत बसतात. आणि त्यांना हात कोणी लावायचा? गुरवाने की मानकऱ्यांनी, हे गावागावात ठरलेलं असतं. ते न विचारता उचललंत तर चांदी वाचेल पण गाव तुमच्यापासून तुटेल. संवर्धकाला हा प्रश्न नंतर लॅबमध्ये बसून सोडवता येत नाही, तो त्याच तासाला गुडघाभर पाण्यात सोडवावा लागतो.

युद्ध-दंगलीतही हीच दोन कामं लागतात. युक्रेनमध्ये २०२२ ला पुतळ्यांभोवती वाळूच्या गोणी रचल्या तो प्रथमोपचार. युद्धात सांस्कृतिक वारसा वाचवण्यासाठी १९५४ चा हेग करार आहे, भारत त्यात १९५८ पासून आहे, त्यातलं निळ्या ढालीचं चिन्ह म्हणजे वारशासाठी रेडक्रॉससारखी खूण. पण संघर्ष म्हणजे फक्त रणगाडे नव्हेत, ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला तेव्हा पोथ्या-कागद जमिनीवर आले होते. अशा खोलीत प्रथमोपचार शिकलेला माणूस झाडू घेत नाही. तो आधी फोटो काढतो, जमिनीचे चौकोन पाडतो, कुठल्या चौकोनात कुठला तुकडा मिळाला ते लिहितो, कारण पान फाटलं तर संवर्धक जोडू शकतो पण ते कुठल्या पोथीचं होतं हे हरवलं तर कोणीच काही करू शकत नाही.

आमच्या त्या वाचनालयात हेच झालं. दाखल नोंदवही खालच्या खणात होती, तीच पहिली भिजली, म्हणजे काय गेलं ते सांगणारं पुस्तकच गेलं. आता आमच्या भागातल्या तीन वाचनालयांत मी आणि दोन ग्रंथपाल बसून नोंदवहीच्या पानापानाचे मोबाईलवर फोटो काढतोय, एक कॉपी रत्नागिरीला भाच्याकडे ठेवायची ठरलीय. आणि एका मासळीच्या कोल्ड स्टोरेजच्या मालकांशी बोलणं चाललंय की पूर आला तर एक कोपरा आम्हाला द्याल का, पुस्तकं प्लास्टिकमध्ये नीट बांधून आणू. त्यांनी आधी विचारलं, "किती खोके होतील?" आम्हाला सांगता आलं नाही. म्हणून आता कपाटं मोजतोय, खालच्या दोन फळ्या आधी.