काचेवरची तांबडी धूळ

बेळगाव जिल्ह्यात खानापूरहून अथणीला गाडी नेली की काचेवरच्या धुळीचा रंग बदलत जातो. खानापुरात ती जांभ्याची, तांबडी. तुळशीचं पान पुसलं तर बोटाला गेरूसारखी लागते. अथणीकडे काळ्या रानाची, राखाडी. आपण दोन्ही सारख्याच झाडून टाकतो. हवामानाच्या अभ्यासात मात्र हा रंग फार मोलाचा ठरलाय, आणि ते कळायला जवळपास दोनशे वर्षं गेली.

१८३२च्या जानेवारीत चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजातून आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्द बेटांवर आला. डोलकाठीच्या टोकावरच्या वातदर्शकाच्या जाळीत तपकिरी धूळ अडकली होती, ती त्याने पुडीत बांधून ठेवली. पुढे जर्मनीचे शास्त्रज्ञ एरेनबर्ग यांना तिच्यात सूक्ष्म जिवांची गारगोटीची कवचं सापडली. १८४६मध्ये डार्विनने या धुळीवर लेखच लिहिला. मला ती पुडी फार मोठी गोष्ट वाटते: जिला सगळे झटकतात ती वस्तू कुणीतरी जपून ठेवली.

धुळीने हवा तापते की निवते, हा प्रश्न ऐरणीवर यायला बराच काळ गेला. नोव्हेंबर १९७१मध्ये ‘मरिनर ९’ यान मंगळापाशी पोचलं तेव्हा अख्खा ग्रह धुळीत बुडाला होता. वरची हवा तापलेली, खालची जमीन मात्र नेहमीपेक्षा गार. पृथ्वीवरही धूळ थोडं ऊन परत फिरवते, थोडं स्वतः पिते. किती पिते हे बरंचसं तिच्यातल्या लोहावर ठरतं. आपल्या जांभ्याला तांबडा करणारी लोहाची संयुगं वाळवंटी धुळीतही असतात. ती जितकी जास्त, तितकं ऊन जास्त मुरतं.

आपल्या पावसाचाही तिच्याशी संबंध आहे. मृगात आपण आभाळाकडे डोळे लावून असतो, तेव्हा अरबस्तानावरून उठलेली धूळ अरबी समुद्रावर पसरलेली असते. तिने तिथली हवा तापते, समुद्रावरचे ओले वारे जोर धरतात आणि आठवडाभरात मध्य भारतात पाऊस वाढतो, असं २०१४च्या एका अभ्यासात दिसलं.

तरीही वाळवंटातल्या कोणत्या मातीत काय आहे, याचे नकाशे परवापर्यंत मोजक्या नमुन्यांवरच बेतलेले होते. जुलै २०२२मध्ये नासाने ‘एमिट’ हे उपकरण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर बसवलं. परतलेल्या उन्हाच्या छटांवरून ते खालच्या मातीतली खनिजं ओळखतं.

खानापूरची जाडी धूळ फार लांब जात नाही, रस्त्याकडेच्या उसाच्या पात्यांवरच बसते. त्याहून कितीतरी बारीक कण आठवडाभरही हवेत तरंगतात.